पहिल्या चेलोची एक ओळ

"हे माझे कागद नव्हेत," मास्तर म्हणाले.

पहिलं व्हायोलिन वाजवणाऱ्या दादानं त्यांच्या स्टँडवर ठेवलेल्या कागदांवर ठळक अक्षरांत 'दुसरा चेलो' असं छापलेलं होतं. मास्तरांनी ते तिथंच सोडले आणि 'पहिला चेलो'चा गठ्ठा असलेल्या पुढच्या स्टँडपाशी जाऊन बसले. दादाकडून असे घोळ नेहमीच व्हायचे. एकदा तर भर कार्यक्रमात त्यानं चौघांपुढे तीन वेगवेगळ्या रचनांचे कागद मांडले होते, आणि वर खापर फोडलं होतं व्हायोलावर.

दादा गजाला राळ घासत होता. मान वर न करता तो म्हणाला, "बरोबर ठेवलेत. असू देत तसेच."

तेवढ्यात पाहुणी आत आली. कोट खुंटीला अडकवून, आपला चेलो पेटीतून काढून ती त्यांच्यापाशी येऊन थांबली. बत्तीस-चौतीस वर्षांची मुलगी. हिचे फोटो मासिकांत येतात. मास्तर बसले होते त्या खुर्चीकडे तिनं पाहिलं, मग दादाकडे पाहिलं.

"तुमचीच खुर्ची आहे ती," दादा तिला म्हणाला.

मास्तर उठले. अठ्ठावन्न वर्षांचा माणूस आपला चेलो सावरत एक खुर्ची मागे सरकतो तेव्हा किती वेळ लागतो, हे ज्याचं त्यालाच कळतं. दातांचा डॉक्टर आपल्या व्हायोलिनच्या खुंट्या पिळत राहिला. टपालताई, म्हणजे पोस्टातून निवृत्त झालेली आणि व्हायोला वाजवणारी, चष्मा पुसत राहिली. चष्मा स्वच्छच होता. पाहुणी मात्र बसण्याआधी मास्तरांपुढे किंचित वाकली आणि म्हणाली, "मनापासून आभार, सर." मास्तरांना वाटलं, रीत म्हणून म्हणते आहे. मोठ्या लोकांना अशी रीत जमते.

 मग त्यांनी मूग गिळून दोन तास तालीम केली.

आता ज्यांना या मंडळींचा धंदा ठाऊक नाही त्यांच्यासाठी सांगायला हवं. चौकडी म्हणजे दोन व्हायोलिनं, त्यांच्याहून थोडा मोठा एक व्हायोला आणि गुडघ्यांत धरून वाजवायचा सगळ्यांत मोठा एक चेलो. सत्तावीस वर्षं हे चौघं एकत्र वाजवत होते, आणि शहरातले लोक त्यांना प्रेमानं चांडाळचौकडी म्हणत. चेलोचं काम खालचं. वर व्हायोलिनं मिरवणार, टाळ्या घेणार. चेलोनं खाली पक्की जमीन धरायची. ती हलली तरच लोकांच्या ध्यानात येतं की जमीन नावाची काही वस्तू होती. मास्तरांनी सत्तावीस वर्षं ती हलू दिली नव्हती. दिवसा शाळेत पोरांना संगीत शिकवायचं, संध्याकाळी दोन शिकवण्या, आणि उरलेल्या वेळात ही जमीन.

पण एक रचना अशी होती की तिला दोन चेलो लागत. त्यासाठी बाहेरून पाहुणा बोलवावा लागे, म्हणून ती आठ-नऊ वर्षांतून एकदाच व्हायची. तिच्या संथ भागात पहिल्या चेलोला गाणं होतं. बाकीचे सगळे आवाज खाली जातात, दुसरा चेलो पाणी ठिबकावं तसा बोटानं तारा छेडत राहतो, आणि पहिला चेलो एकटा वर येतो. चेलो वाजवणाऱ्या माणसाला जन्मभर दुसऱ्यांना खांद्यावर घेतल्याचं उट्टं काढून मिळतं ते त्या गाण्यात. या लोकांत रीत अशी की पाहुण्यानं मागे बसावं आणि चौकडीच्या माणसानं पुढे, कारण पुढच्याला इतर तिघांच्या श्वासाची सवय हवी. पण पाहुणा मोठा असला की रीत बाजूला पडते. पहिल्या खेपेला पाहुणे म्हणून खुद्द मास्तरांचे गुरू आले. त्यांच्यापुढे बसायची छाती कोणाची? दुसऱ्या खेपेला एक नावाजलेले गृहस्थ आले आणि न विचारता पुढच्या खुर्चीत जाऊन बसले. मास्तर म्हणाले, पदरी पडलं ते पवित्र झालं. दोन्ही वेळा त्यांनी ठिबकण्याचं काम केलं, आणि चोख केलं.

तिसऱ्या खेपेला मात्र दादानं स्वतःहून शब्द दिला होता. मास्तरांच्याच घरी, चहाचा कप हातात धरून. दादा हा त्यांचा शिकत असल्यापासूनचा मित्र, आणि पुढे मास्तरांनी त्याच्या धाकट्या बहिणीशी लग्न केलं म्हणून मेहुणाही. "या वेळी पुढं तू," तो म्हणाला होता. "पाहुणा आकाशातून उतरला तरी मागं बसेल." बायको तिथंच उभी होती. पुढच्या खेपेला मास्तर सदुसष्ट वर्षांचे असतील, हे तिघांनाही न बोलता कळत होतं.

मास्तरांनी दुसऱ्या दिवसापासून रियाज धरला. आणि दोनच महिन्यांत डाव्या हाताची अनामिका दगा देऊ लागली. सकाळी उठलं की ती वाकलेलीच राहायची. सरळ केली की कट्कन आवाज व्हायचा आणि कोपरापर्यंत कळ जायची. दुपारपर्यंत चालू व्हायची, पण त्या गाण्यात जिथं एक स्वर लांबवर धरून बोटानं थरथरवायचा असतो, तिथं ती ऐन वेळी लटकी पडायची. एका सकाळी बायकोनं त्यांना मोरीत कोमट पाण्याच्या भांड्यात हात बुडवून बसलेलं पाहिलं. लपवण्यात अर्थ नव्हता. त्यांनी सांगितलं, आणि वर बजावलं की ही गोष्ट या घराबाहेर जाता कामा नये. ती म्हणाली, कशी जाईल?

तिला एवढंच ठाऊक होतं. पुढचं ठाऊक नव्हतं, कारण पुढचं मास्तरांनी कोणालाच सांगितलं नाही. त्यांनी अनामिकेला पेन्शनीत काढलं. प्रत्येक ओळ नव्यानं बसवली: जिथं तिसरं बोट लागतं (या वाद्यांत अंगठा मोजत नाहीत, म्हणून अनामिका तिसरी) तिथं मधलं, जिथं मधलं लागतं तिथं पहिलं, आणि हात वरखाली सरकवण्याच्या जागाही बदलल्या. हे ऐकायला सोपं वाटतं. चाळीस वर्षं उजव्या हातानं लिहिणाऱ्या माणसानं डाव्या हातानं लिहायला बसावं, आणि अक्षर तेच यावं, असा तो प्रकार होता. पेन्सिलीनं खुणा करायच्या, खोडायच्या, पुन्हा करायच्या. आठ महिन्यांनी गाणं उभं राहिलं. अनामिका नुसती बाजूला बसून ऐकायची. झोपायच्या खोलीचं दार लावून ते वाजवत, आणि स्वयंपाकघरात बायकोला ते भिंतीतून ऐकू येई. तिला संगीतातलं काही कळत नसे, पण आठ महिन्यांत तिलाही ते गाणं गुणगुणता येऊ लागलं. मास्तरांनी ठरवलं होतं की तिला कार्यक्रमानंतर सांगायचं. बायकोला थक्क करायची हौस माणसाला कुठल्या वयापर्यंत असते, देव जाणे.

त्या गुरुवारी तालमीहून घरी आल्यावर त्यांनी चेलो कोपऱ्यात टेकवला आणि म्हणाले, "मला मागं बसवलं."

बायको कपड्यांच्या घड्या घालत होती. ती म्हणाली, "असं का बरं?" आणि उत्तराची वाट न बघता म्हणाली, "जाऊ द्या. जिवाला तेवढाच घोर कमी. झाकली मूठ सव्वा लाखाची." मास्तरांना तिचं म्हणणं लागलं, पण त्यांनी मनातच तिची बाजू घेतली. बिचारीला कुठून कळणार? तिला ते बोट दिसतं, त्याच्यावर काढलेली तोड दिसत नाही.

शुक्रवारी शाळेची मधली सुट्टी होताच ते दादाच्या दुकानात गेले. दादाचं चष्म्यांचं दुकान होतं. गिऱ्हाईक जाईपर्यंत मास्तर एका बाजूला उभे राहिले. भिंतीवर दोनशे रिकाम्या फ्रेमा त्यांच्याकडे बघत होत्या. गिऱ्हाईक गेल्यावर त्यांनी सरळ विचारलं, शब्द दिला होतास त्याचं काय झालं.

दादानं दीर्घ श्वास घेतला. त्याला आधीपासून उत्तर तयार असलं की तो दीर्घ श्वास घ्यायचा. त्यानं सांगितलं की पाहुणीचीच अट होती. पुढं बसवणार असाल तर येते, नाही तर नाही. वाचनालयाचा हॉल ठरलेला, जाहिराती लागलेल्या, दोनशे तिकिटं गेलेली, काय करणार? "मला काय कमी वाईट वाटलं का?" दादा म्हणाला. "पण मोठी माणसं म्हटलं की हे आलंच. तू समजूतदार आहेस म्हणून निभावतंय."

समजूतदार हा शब्द मास्तरांनी सत्तावीस वर्षांत इतक्या वेळा ऐकला होता की त्यांच्या कपाळावर तो कोणीतरी गोंदवून ठेवला असावा. समजूतदार माणसाला कोणी काही विचारत नाही; त्याच्या वतीनं परस्पर समजून घेतात. ते दुकानातून बाहेर पडले तेव्हा त्यांच्या मनात दादाबद्दल राग नव्हता. सगळा राग त्या पोरीवर होता. कानामागून आली आणि तिखट झाली. वाकून आभार मानते, आणि पाठीमागून अटी घालते.

रविवारी चार वाजता वाचनालयाचा हॉल भरला. बायको तिसऱ्या रांगेत बसली होती, दादाच्या बायकोशेजारी. पहिला अर्धा भाग चौघांचाच होता. तो नेहमीसारखा झाला. मध्यंतरानंतर पाचवी खुर्ची आली आणि पाहुणी टाळ्यांच्या गजरात पुढं जाऊन बसली. मास्तर तिच्या मागच्या अंगाला. तिथून त्यांना तिचा डावा हात स्वच्छ दिसत होता.

वाजवत मात्र ती सुरेख होती. हे कबूल करायला मास्तरांना पहिला पूर्ण भाग लागला. संथ भाग सुरू झाला, बाकीचे आवाज खाली गेले, आणि ती ते गाणं घेऊन वर आली. तिची अनामिका लांब स्वरावर बसली आणि थरथरली, सहज, काही विशेष नसल्यासारखी. मास्तर गज मुठीत धरून बोटानं तारा छेडत होते. ठिब, ठिब. पहिली ओळ, दुसरी, तिसरी. त्यांना रडू येत होतं, आणि रडू कोणत्या कारणानं येतंय हे ठरवता येत नव्हतं. इतकं चांगलं गाणं आपलं नाही म्हणून, की आपलं नसूनही इतकं चांगलं आहे म्हणून.

गाणं दुसऱ्यांदा येतं तेव्हा दुसऱ्या चेलोनं छेडणं थांबवून गज घ्यायचा असतो आणि खालचा एकच लांब स्वर धरायचा असतो. मास्तरांनी गज घेतला. नजर समोरच्या कागदावर होती. पण हातांनी आठ महिने दुसरंच काही केलं होतं, आणि हात कागद वाचत नाहीत. डावा हात वर सरकला, मधलं बोट पातळ तारेवर बसलं, आणि मास्तर गाणं वाजवू लागले.

दोन चेलो एकाच ओळीवर आले. खालची जमीन नाहीशी झाली. दादाची मान झटक्यात वळली. मास्तरांना ते दिसलं, पण ओळ सुरू झाली होती आणि अर्ध्यात टाकता येईना. आणि मग एक गोष्ट घडली: पाहुणीनं मान वळवून त्यांच्या हाताकडे पाहिलं आणि आपला आवाज हळूच उतरवला. थांबली नाही, चुकली नाही. फक्त दारातून कोणी जात असेल तर आपण अंग चोरतो तशी बाजूला झाली. त्या ओळीचे शेवटचे चार स्वर हॉलभर पसरले ते मास्तरांचे. लांब स्वर त्यांनी मधल्या बोटावर धरला, थरथरवला, आणि तो कुठेही लटका पडला नाही.

ओळ संपली. मास्तर भानावर आले, खालच्या तारेवर गेले, आपला एकसुरी स्वर धरला. दोनशे लोकांतल्या कोणाच्याही काही लक्षात आलं नाही. तिसऱ्या रांगेत मात्र एका बाईनं तोंडावर हात ठेवला होता.

टाळ्या भरपूर झाल्या. रंगमंचामागच्या खोलीत आल्याबरोबर दादानं व्हायोलिन पेटीत ठेवलं आणि मास्तरांच्या पाठीवर हात टाकला. "होतं असं," तो म्हणाला. "वय आहे. नशीब समज, मागं होतास. पुढं असताना घसरला असतास म्हणजे?" डॉक्टर हसला नाही, पण मानही हलवली नाही असं नाही. मग वाचनालयाच्या लोकांनी चहाला बोलावलं आणि तिघं बाहेर गेले. मास्तर गजाचे केस सैल करत मागे राहिले.

पाहुणी त्यांच्यासमोर स्टूल ओढून बसली. शिष्टाचाराचं काही बोलली नाही. "ती एक ओळ तुम्ही अनामिका न लावता वाजवलीत," ती म्हणाली. "मी हात बघितला. तो लांब स्वरसुद्धा मधल्या बोटावर. हे कुठं शिकलात?"

"घरीच," मास्तर म्हणाले.

"सगळं गाणं असं बसवलंय?"

"सगळं."

ती त्यांच्या हाताकडे बघत म्हणाली, "मग तुम्ही नको का म्हणालात, सर? मी पत्रातच लिहिलं होतं, पाहुण्यानं मागं बसावं, मला दुसरा चेलो द्या. तर दादांचं उत्तर आलं की तुमचं बोट दुखतं, तिसरं, डाव्या हाताचं, आणि तुम्ही स्वतःच पुढची खुर्ची सोडताय. म्हणून तर त्या दिवशी आभार मानले मी."

खोलीत दुसरं कोणी नव्हतं. बाहेरून कपबश्यांचा आवाज येत होता. मास्तरांना पहिल्यांदा दादा आठवला, चष्म्यांच्या दुकानातला, दीर्घ श्वास घेणारा. त्याचं काही नाही. दादा आयुष्यभर सोयीचंच बोलत आला होता. पण तिसरं बोट, डाव्या हाताचं. ते दादाला माहीत असायला नको होतं. ते जगात दोनच माणसांना माहीत होतं, आणि त्यातले एक ते स्वतः होते.

पाहुणी वाट बघत होती. तिच्या चेहऱ्यावर आता शंका दिसू लागली होती. मास्तर एक शब्द बोलले असते तर ती उठून चहाच्या खोलीत गेली असती आणि चौकडीची सत्तावीस वर्षं तिथंच दोन मिनिटांत निकालात निघाली असती. आणि नुसती चौकडीच नव्हे. मास्तरांनी गज पेटीत ठेवला आणि त्याचा पट्टा लावला.

"हो," ते म्हणाले. "मीच सांगितलं होतं. तेव्हा फार दुखत होतं."

"पुढच्या वेळी मी मागं बसणार," पाहुणी म्हणाली. "आताच सांगून ठेवते."

"पुढच्या वेळी," मास्तर म्हणाले.

ती गेली.  मास्तरांनी बायकोवर चिडायचा प्रयत्न केला, पण जमेना; तिला डोळ्यांपुढे आणलं की ती मोरीच्या दारात उभी दिसे, चेहरा पांढराफटक पडलेली. ती भावाकडे गेली असेल, रडली असेल, म्हणाली असेल, दादा, त्यांना कळू देऊ नकोस, पण वाचव. तिनं त्यांना वाचवलं होतं. यापेक्षा वैऱ्यानं केलेलं बरं, त्याला निदान तोंडावर शिव्या तरी देता येतात.

ते बाहेर आले तेव्हा ती जिन्याच्या तोंडाशी एकटीच उभी होती.

"बराच वेळ लागला," ती म्हणाली. "काय म्हणत होती ती?"

"विचारत होती, बोट कसं आहे."

तिनं त्यांच्याकडे पाहिलं आणि लगेच खाली पाहिलं. पदराशी चाळा करायलाही तिचे हात हलले नाहीत. ती म्हणाली, "भरल्या सभेत तुमचं चुकलं असतं, लोक हसले असते, तर मला बघवलं नसतं हो."

"चुकलं असतं तर माझं चुकलं असतं," मास्तर म्हणाले.

"आज ते ऐकलं मी," ती म्हणाली. "ते तुम्ही होतात. मला कळलं."  "मला आधी का नाही सांगितलंत, की जमतंय म्हणून?"

 मास्तरांपाशी उत्तर होतं ते इतकं पोरकट होतं की आता सांगवत नव्हतं.

जिना अरुंद होता, तीन वळणांचा. चेलोची पेटी अशा जिन्यावरून उतरवताना तिचं खालचं टोक बायकोनं धरायचं आणि वरचं त्यांनी, ही लग्नापासूनची पद्धत होती. ती सवयीनं पुढं झाली, वाकली, दोन्ही हात पुढं केले. मास्तरांनी पेटी उचलून आपल्या पाठीवर घेतली, पट्टे खांद्यावर ओढले आणि कठड्याला धरून एकेक पायरी उतरू लागले. ती त्यांच्या मागोमाग उतरली. पेटी वळणावर भिंतीला घासत होती, आणि दर वेळी तिचा हात पुढं येत होता आणि मागं जात होता.